उन्हाळ्यात भरणारी बावडी

धारहून गंधवानीकडे जाताना, पठार उतरायला लागायच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने पाऊण किलोमीटर गेलं की गव्हाच्या दोन शेतांमध्ये एक बावडी लागते. काळ्या दगडाच्या अठ्ठावन्न पायऱ्या, वर एक साधी कमान, कोनाड्यात शेंदूर फासलेला भैरू. माळव्यात अशा बावड्या कितीतरी आहेत. हिची एकच गोष्ट न्यारी होती. ही उन्हाळ्यात भरायची.

सावन-भादव्यात आसपासच्या विहिरी काठाला लागलेल्या असताना हिचं पाणी पायरीपायरीने उतरत जायचं. आणि मार्च उलटला, शेतातले बोअर हवा ओकायला लागले, की ही चढू लागायची. मेअखेर वरून आठव्या पायरीला पाणी. खालच्या तीन वस्त्यांना यात नवल वाटत नसे. भैरूची कृपा म्हणून बायका हंडे भरून न्यायच्या.

अवंती तिथे पहिल्यांदा गेली ती ऑक्टोबरच्या अखेरीला. देवासच्या एका जलसंशोधन संस्थेत ती पाण्याचा माग काढायचं काम करी. पाऊस कुठे पडतो, कुठे मुरतो, किती वर्षांनी कुठे वर येतो, हे पाण्यातल्या अणूंवरून ओळखायचं. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून देवासला आले, आणि तिथे अवंतीने लहानपणी रेल्वेने आलेलं पाणी बादलीत धरलं होतं. पाणी येतं कुठून, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यात बसला होता.

या बावडीच्या तळाशी मोठा पंप बसवून तिन्ही वस्त्यांना नळ द्यायचे, अशी योजना होती. तळाचं पाणी दर वर्षी भरून येतं की एकदा उपसलं की संपलं, एवढं अवंतीने मेपर्यंत सांगायचं होतं.

तिचा अंदाज सरळ होता. वर पठारावर, बावडीपासून सहाशे मीटरवर एक तलाई, म्हणजे लहानसं तळं, आहे. तिथलं पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून हळूहळू झिरपत असणार आणि बावडीत पोचायला त्याला आठ-नऊ महिने लागत असणार. म्हणून ती उन्हाळ्यात भरते. यात अशक्य असं काही नव्हतं.

मदतीला तिला मानसिंगराव मिळाले. घराणं जुनं, एके काळी दरबारात मान असलेलं. स्वतः मानसिंगराव मात्र सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि धारच्या बसस्टँडमागे दोन खोल्या वर, दोन खाली अशा घरात राहत होते. बावडी त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. गेली एकतीस वर्षं दर पंधरवड्याला स्कूटरवर येऊन ते पाण्याची पायरी मोजत आणि वहीत लिहीत.

"कशासाठी, काका?" अवंतीने विचारलं.

"आपण गणिताचे मास्तर," ते म्हणाले. "आकडा दिसला की टिपून ठेवावा. पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही."

रोज सकाळी आठ वाजता बावडीच्या वरच्या पाण्याची एक बाटली भरायची, झाकणावर टेप लावून तारीख आणि सही करायची, हे काम त्यांनी एक नोव्हेंबरपासून अंगावर घेतलं. महिन्याच्या बाटल्या एकदम देवासला जात. तळाचं पाणी अवंतीने स्वतः काढलं. त्यासाठी तिच्याकडे पोलादी नळी होती. दोरीने खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर दुसरी दोरी ओढली की बूच उघडे आणि तिथलंच पाणी आत येई.

आठवड्याने शंतनूचा फोन आला. शंतनू प्रयोगशाळेतलं यंत्र सांभाळायचा. इंदूरला हिंदीत शिकलेला, त्यामुळे त्याचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला जाऊन मिळायचं.

"मॅडम, वरचं सॅम्पल ठीक आहे. उणे सहा. पण तळाच्यात कुछ गडबड है."

"किती येतंय?"

"उणे एकतीस."

 पाण्यात ऑक्सिजन दोन तऱ्हेचा असतो, हलका आणि जरासा जड. ढग जितका थंडीत शिरत जातो, तितका जड ऑक्सिजन वाटेतच गळून जातो. शेवटी जे बर्फ पडतं त्यात त्याची उणीव सगळ्यात जास्त. माळव्याच्या पावसात ही उणीव पाच-सहाची असते. हिमालयातल्या बर्फात पंधरा-वीसची. एकतीस म्हणजे ग्रीनलंडसारख्या ठिकाणी, बाराही महिने गोठलेल्या जमिनीवर पडलेलं बर्फ.

"बाटली बदलली असेल," ती म्हणाली.

"तीनदा लावलं. बर्फाचं एकही सॅम्पल सध्या लॅबमध्ये नाही, मॅडम."

ती पुन्हा गेली, पुन्हा तळाचं पाणी काढलं. उणे एकतीस. पाणी दिसायला स्वच्छ होतं, चवीला गोड, हाताला कोमट. मग तिला वाटलं, हे फार जुनं पाणी असेल. हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी बर्फ पडलं असेल आणि खडकाच्या पोटात अडकून राहिलं असेल. पण हिमयुगातसुद्धा नर्मदेच्या या काठाला असं बर्फ पडल्याचं कोणी लिहिलेलं नव्हतं. तिने एक नमुना वय काढायला दुसऱ्या शहरात पाठवला. तिथल्या माणसाने जानेवारीत फोन केला. आवाज जरा वैतागलेला.

"बाई, तुमचा नमुना खराब झालाय. वय उणे येतंय."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे खराब. दुसरा पाठवा."

दुसराही उणेच आला. अवंतीला राग यायला हवा होता. पण त्या दिवसांत ती शीळ घालत कामाला जायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाण्याने तिला नीट उत्तर द्यायचं नाकारलं होतं.

चौदा फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता तिने तलाईत रंग सोडला. पाण्याची वाट शोधायला वापरतात तो, केशरी पुडीचा, पाण्यात पडला की पोपटी हिरवा होणारा. रंगाचा डबा मुद्दाम मानसिंगरावांच्या घरी ठेवला होता. देवासच्या प्रयोगशाळेत त्याचा कणही जायला नको म्हणून. तलाईच्या ज्या खोलगट कोपऱ्यात पाणी मुरायचं तिथे तिने डबा रिकामा केला. हिरवा ढग पाण्यात पसरला, फटीकडे वळला आणि संध्याकाळपर्यंत खडकाने सगळा गिळला.

आता वाट बघायची. मार्च गेला. बावडी चढू लागली, पण तिच्या पाण्यात रंगाचा मागमूस नव्हता. आसपासच्या अकरा विहिरींत रंग शोषून धरणाऱ्या कोळशाच्या पुड्या टांगल्या होत्या, त्यांतही नाही. एप्रिलमध्ये बावडी सोळाव्या पायरीला आली, तरी नाही. म्हणजे तलाईचं पाणी बावडीत येतच नव्हतं. मग ती भरत कशाने होती?

अशाच एका दुपारी कमानीच्या सावलीत बसून मानसिंगरावांनी आपली वही तिच्यापुढे धरली.

"एक विचारू? हसू नये."

"विचारा ना."

"एप्रिलात पाणी कुठवर चढलं, हा आकडा बघावा. आणि शेजारी त्याच वर्षीचा पाऊस बघावा. गेल्या वर्षीचा नव्हे. पुढे पडलेला."

तिने पाहिलं. ज्या वर्षी एप्रिलात बावडी विसाव्या पायरीवरच अडली, त्या वर्षी पुढे पाऊस बुडाला होता. ज्या वर्षी बारावीच्या वर आली, त्या वर्षी सप्टेंबरात पूर. मागच्या वर्षीच्या पावसाशी काहीच मेळ बसत नव्हता. एकतीस ओळी, आणि एकही ओळ चुकत नव्हती.

"हे कोणाला सांगितलंत?"

"शाळेत एकदा सांगितलं. मास्तरांना ज्योतिष कधीपासून येतं, म्हणाले." त्यांनी वही मिटली. "तेव्हापासून फक्त लिहितो."

अवंती गाडीने देवासला परत निघाली. घाटाबिल्लोद मागे पडल्यावर तिने शंतनूला फोन लावला.

"जुन्या बाटल्या आहेत ना? नोव्हेंबर, डिसेंबरच्या?"

"आहेत. सील्ड."

"त्यात रंग शोध."

तो हसला. "मॅडम, रंग तर फेब्रुवारीत टाकला."

"माहीत आहे. तरी शोध."

दोन दिवसांनी ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा शंतनू खुर्चीवर नुसता बसून होता. यंत्र बंद होतं. टेबलावर बाटल्या तारखेप्रमाणे मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी फाडलेली टेप आणि मानसिंगरावांची वळणदार सही.

"शेवाळ असेल," ती म्हणाली.

"शेवाळ्याचा हिरवा आणि याचा हिरवा मशीनला वेगळा कळतो. रंगच आहे." त्याने आलेखाचा कागद तिच्याकडे सरकवला. "एक नोव्हेंबरपासून हळूहळू चढतो. एकोणीसला सगळ्यात जास्त. आणि मग दोन दिवसांत धाडकन खाली. डिसेंबरात झिरो."

अवंतीने कागद हातात घेतला. असे आलेख तिने शेकड्याने पाहिले होते. रंग वाहत एखाद्या विहिरीत पोचतो तेव्हा एकदम चढतो आणि मग सावकाश, लांब शेपूट काढत उतरतो. कुठेही करा, आकार तोच. हा आकार तिला ओळखीचा वाटत होता आणि तरी काहीतरी चुकत होतं.

तिने कागद उलटा केला, कोरी बाजू आपल्याकडे धरली आणि खिडकीच्या काचेला टेकवला. उन्हात रेघ मागून उमटली. एकदम चढलेली, सावकाश उतरलेली. अगदी पुस्तकात असते तशी.

"म्हणजे चौदा फेब्रुवारीला निघालेलं पाणी..." शंतनू म्हणाला, आणि थांबला.

"एकोणीस नोव्हेंबरला पोचलं," अवंती म्हणाली. "आधीच्या."

कॉरिडॉरमध्ये कोणीतरी चहाचे कप घेऊन गेलं. शंतनूने एकेक करून बाटल्यांची झाकणं लावायला सुरुवात केली.

मग बराच वेळ दोघंही भराभर बोलत होते. वरचं पाणी तीन महिने पुढून येतं, असं समजलं तर मानसिंगरावांची वही बरोबर ठरते. येणारा पावसाळा एप्रिलात बावडीत उतरतो. पण तळाचं? खोल पाणी सावकाश जातं. तीन महिन्यांऐवजी तीन वर्षं, तीस वर्षं. ते मोजायचं तर ज्यात हा रंग शोधता येईल असं तळाचं जुनं पाणी हवं. कोणी कधीकाळी काढून, तोंड बंद करून ठेवलेलं. असं पाणी कोण ठेवतं?

शंतनूला घेऊन ती धारला मानसिंगरावांच्या घरी गेली, आणि हा प्रश्न तिने पोह्यांची बशी हातात असताना मांडला. मानसिंगराव जिन्याकडे बघू लागले. त्यांच्या पत्नी जयवंतीबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सांगा की त्यांना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मूग गिळून काय बसलात?"

"ते तुमचं आहे. तुम्हीच सांगावं."

जयवंतीबाईंनीच सांगितलं. या घराण्यात नवी सून आली की तिच्या हाताने बावडीच्या तळाचं पाणी काढायचं. तांब्याचा गडू, लाकडी बूच, बुचाला वेगळी दोरी, अवंतीच्या नळीसारखंच. गडूचं तोंड तांबटाकडून झाळून घ्यायचं आणि देवघरात ठेवायचा. तो पुन्हा उघडायचा एकदाच, तिच्या शेवटच्या घटकेला. गंगाजलासारखे दोन थेंब तोंडात घालायला.

"माझं लग्न एक्क्याण्णवच्या मेमधलं," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं झाली. थांबा, आणते."

"काकू, नको," अवंती घाईने म्हणाली. "तो तुमचा..."

"माझाच ना? मग माझ्या तोंडात काय घालणार आहेत, ते मला आधी कळायला नको?" आणि त्या वर गेल्यासुद्धा.

गडू लहानसाच होता, काळवंडलेला. झाळलेलं तोंड कुठेही फुटलेलं नव्हतं. शंतनूने भिंग लावून फिरवून फिरवून पाहिलं. मग मानसिंगरावांनी कानशीने कड घासली. जयवंतीबाईंनी गडू धरून ठेवला. झाकण निघालं तेव्हा वास कसलाच आला नाही. शंतनूने थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, रिकाम्या कपाटाचं दार उघडून आतल्या काळोखात धरलं आणि त्यावर निळा टॉर्च टाकला.

नळी हिरवी पेटली.

 बाहेर रस्त्यावर एक ऑटो हॉर्न वाजवत गेली.

"हा तोच ना?" जयवंतीबाईंनी विचारलं. "तुम्ही माझ्या माळ्यावर डबा ठेवला होता, तो?"

"तोच," अवंती म्हणाली.

"म्हणजे माझ्या गडूत चौतीस वर्षं यंदाचं पाणी होतं."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की अवंतीला आधी हसू आलं. मग त्याचा दुसरा अर्थ तिच्या ध्यानात आला आणि हसू ओठांवरच राहिलं.

देवासला गडूतलं पाणी यंत्रात लावलं. जड ऑक्सिजन उणे सहा. माळव्याचं पाणी. एक्क्याण्णवला तळाशी होतं ते यंदाचं, आणि ते नेहमीसारखं होतं. आज तळाशी होतं ते चौतीस वर्षांनंतरचं, आणि ते उणे एकतीस होतं.

शंतनूने तळाच्या पाण्याचा गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कुठल्याही पाण्यात परागकण सापडतात. गव्हाचे, बाभळीचे, गवताचे. या कागदावर एकही नव्हता. कागदभर फक्त एक करडा थर होता, अगदी बारीक, सगळीकडे सारखा. शंतनूने त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"राख आहे," तो म्हणाला.

अवंतीने अहवालात बावडीच्या तळाचं पाणी उपसू नये असं लिहिलं. कारण विचारलं तेव्हा उगम निश्चित नाही, एवढंच सांगितलं. तिन्ही वस्त्यांची बैठक बावडीवरच झाली. सरपंचबाई तरुण होत्या, रागावलेल्या होत्या.

"पाणी मीठो है, खूब है, मैडम. फेर मना क्यूं करो हो? हमारी औरतें अठ्ठावन पायऱ्या उतरें-चढें, वो आपने दिखे नी?"

 वरचं पाणी घ्या, भरपूर आहे, तळाला हात लावू नका, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मानसिंगराव उठून तिच्या शेजारी उभे राहिले. पंप तेवढ्या वर्षापुरता पुढे ढकलला गेला. बायका तिच्याकडे न बघता हंडे घेऊन वर चढल्या. त्यांच्या धापा तिला रात्री देवासच्या घरातसुद्धा ऐकू येत राहिल्या.

पण तिला राहवेना. मेच्या शेवटी ती नळी घेऊन पुन्हा गेली आणि तिने एकेका पायरीच्या खोलीवरचं पाणी काढलं. तिला वाटलं होतं, आकडा हळूहळू उतरत जाईल. तसं नव्हतं. बेचाळिसाव्या पायरीपर्यंत उणे सहा. त्रेचाळिसाव्या पायरीपासून उणे एकतीस. मध्ये काहीच नाही. एका पायरीवर माळव्याचा पाऊस, तिच्या खालच्या पायरीवर बर्फ.

मानसिंगरावांनी वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं, 'हद्द'. खाली तारीख आणि त्रेचाळीस.

नोव्हेंबरात हद्द बेचाळिसाव्या पायरीला होती, म्हणजे ते बर्फ एक पायरी जवळ आलं होतं. त्यांनी ते लिहिलं आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढच्या मेमध्ये जयवंतीबाईही आल्या. दुपारचे बारा वाजले होते, कमानीचा दगड चटका देत होता. बावडी भरली होती. पण मानसिंगरावांच्या वहीत यंदा पहिल्यांदाच ती आठवीपर्यंत न चढता अकरावीलाच थांबली होती. वस्तीवरच्या दोन मुली हंडे भरून गेल्या आणि मग शुकशुकाट झाला. अवंतीने नळी सोडली. जयवंतीबाई दोरीला पायरीगणिक बांधलेल्या गाठी मोजत होत्या, मोठ्याने, शाळेतल्यासारख्या. एकेचाळिसाव्या गाठीला अवंतीने बूच ओढलं, थोडं थांबली आणि नळी वर घ्यायला लागली.

नळी वर आली तेव्हा पोलादावर बाहेरून दव साचलं होतं.

अवंतीने ती रुमालात धरली. बाटलीचं झाकण काढलं, नळी तिरकी केली. पाणी पडेना. तिने आणखी तिरकी केली, मग उभीच उलटी धरली.

आत गोठलेलं काहीतरी सरकलं आणि पोलादावर टिंग करून एकदाच वाजलं.

मानसिंगरावांनी पेन वहीवर टेकवलेलं तसंच राहिलं. जयवंतीबाईंच्या हातात दोरीचं राहिलेलं वेटोळं होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"अवंती," त्या हळूच म्हणाल्या, "तळ अजून सतरा पायऱ्या खाली आहे."